अंगुस्तानं जातात कुठं?

माझ्या दुकानात काय खपतं आणि काय पडून राहतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. अस्तर खपतं. फॉल खपतो. लग्नसराईत लेस तर अशी जाते की हातातली मोजपट्टी खाली ठेवायला फुरसत मिळत नाही. पण अंगुस्तान? हाताने शिवताना सुई बोटात घुसू नये म्हणून मधल्या बोटाच्या टोकाला घालतात ना, ती धातूची टोपी. ती आता घेतंय कोण? आमच्या चोपडा गावात घरोघरी मशीन आहे आणि मशीनला मोटर आहे. घाऊकवाल्याने कधीतरी माझ्या गळ्यात मारलेली अंगुस्तानं बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात, कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात पडून असायची. नवी शिकणारी एखादी पोरगी कौतुकाने एखादं बोटात घालायची, काउंटरवर टकटक वाजवून बघायची आणि परत डब्यात टाकायची.

म्हणून जमीलाचाचीने एक अंगुस्तान नेलं तेव्हा मला बरं वाटलं. चला, जुना माल हलला! थोड्या दिवसांनी तिने दुसरं नेलं, तेव्हाही मी काही बोलले नाही. तिसऱ्यांदा आली आणि पुन्हा म्हणाली, "हेमा, एक अंगुस्तान दे गं," तेव्हा मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

माझा स्वभावच मेला तसा आहे. आमचे हे म्हणतात, "हेमलता, तुला पोलिसात भरती करायला पाहिजे होतं. दुकान वाया गेलं तुझ्यात." म्हणू देत. अहो, पितळेची टोपी ती, काय खाऊन संपते का? एक घेतलं की माणसाचा जन्म जातो त्यात. माझी आई पाचोऱ्याला ब्लाउज शिवायची, तिचं लग्नातलं अंगुस्तान माझ्या लग्नातही तिच्या बोटात होतं. मग या बाईला महिन्या-दोन महिन्यांत नवीन कशाला लागतं?

जमीलाचाची कोण, हे चोपड्यात कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. पिंजारी कुटुंब. यावलहून लग्न होऊन इथे आली. तिचे गनीचाचा खांद्यावर धनुकली टाकून सातपुड्याच्या पायथ्याची गावं हिंडायचे आणि लोकांच्या ओट्यावर बसून घरचा कापूस पिंजून द्यायचे. चाची त्यांच्याबरोबर जायची. ते पिंजायचे, ही रजई शिवायची. दोघांना त्या त्या घरची भाकरी आणि ठेचा. पुढे मशीन आलं, गनीचाचा गेले, आणि आता मुलगा साकिब मशीनवर कापूस पिंजतो, शिवाय फोमच्या गाद्या विकतो. पण रजई म्हटली की लोक अजून चाचीकडेच येतात. कारण तिच्या रजईत कापसाचे गोळे होत नाहीत. किती वर्षं वापरा, झटका, उन्हात टाका, कापूस जिथल्या तिथे.

आणि बाईचा तोरा काय! दोरा घ्यायला आली की रिळाचा दोरा कानाजवळ नेऊन तोडणार. तुटतानाचा आवाज आवडला तरच घेणार. "हा रडका तुटला, दुसरा दाखव." असला दोरा मी जन्मात ऐकला नव्हता, पण तिच्यापुढे बोलायची सोय नाही. तोंड म्हणजे तिचं असं चालतं की माझंसुद्धा बंद पडतं, आणि माझं बंद पाडणं सोपं नाही.

तर अंगुस्तान. पहिल्यांदा आली तेव्हा मीच विचारलं होतं, "चाची, जुनं कुठं गेलं?"

"झिजलं. तुझ्या चाचांनी धुळ्याच्या बाजारातून आणलेलं होतं, लग्नाच्या साली. टोकाला भोक पडलं. सुई आरपार येते आता."

"आणा ना एकदा, बघू द्या."

"तुला काय बघायचं त्यात? म्हाताऱ्या माणसाचं झिजलेलं भांडं!"

मी डबा काढला. आता अंगुस्तान निवडायची एक रीत असते. आईने मला शिकवलेली. बोट आत गेल्यावर टोक वरच्या बाजूला हलकं टेकलं पाहिजे, दाबलं जाता कामा नये. हात उलटा करून झटकला तर ते पडायला नको आणि ओढलं तर हट्ट न करता निघायला हवं. ढिलं असलं तर सुईचा जोर तिरका बसतो. घट्ट असलं तर बोट घामेजतं, निळं पडतं आणि बाई वैतागून ते काढून ठेवते. मी हे सगळं उत्साहाने सांगायला लागले आणि चाचीने ऐकून न ऐकल्यासारखं एकेक अंगुस्तान डाव्या हाताच्या मधल्या बोटात घालून बघायला सुरुवात केली. हो, डाव्या.

"अहो चाची, शिवता उजव्या हाताने ना?"

"उजव्या हातात पिशवी आहे, दिसत नाही का?"

"मग द्या पिशवी इकडे."

"राहू दे. बोटं काय दोन्ही हातांची सारखीच." तिने हात उलटा करून झटकला. अंगुस्तान हललं नाही. "हे बसलं बघ. बांध."

दुसऱ्या खेपेला तिच्या उजव्या हातात पिशवी नव्हती, पण तो ओढणीत होता. म्हणे मेंदी लावलीय, ओली आहे. तिसऱ्या खेपेला म्हणे तेल लागलंय. बरं, मेंदी आणि तेल लावून कुणी बाजारात येतं का? त्या दिवशी चाची निघून गेल्यावर मी कितीतरी वेळ तो डबा हातात घेऊन बसले होते. गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मी त्याला गुलाबी चेनऐवजी जांभळी दिली.

मी काय काय तर्क केले, सांगू? आधी वाटलं, ही अंगुस्तानं खेड्यांत नेऊन विकत असेल. पण तिथे तरी कोण घेणार? मग वाटलं, नाजमीनला शिकवत असेल. नाजमीन म्हणजे चाचीची धाकटी मुलगी. गोड पोरगी, बोलते कमी, बघते जास्त. तिचं लग्न पाचोऱ्याला ठरलं होतं, थंडीत निकाह. पण ती तर साकिबच्या दुकानात बिलं करते, सुई हातात धरत नाही. मग वाटलं, म्हातारपणी विसरभोळेपणा आला असेल, कुठेतरी ठेवते आणि विसरते. पण जी बाई मागच्या दिवाळीला मी लांबीला बोटभर कमी दिलेल्या अस्तराचा अजून उद्धार करते, ती विसरभोळी कशी असेल?

चाची मात्र येतच राहिली, दर खेपेला एक अंगुस्तान नेत राहिली. मग एक दिवस झुंबरबाई आली.

झुंबरबाई पायथ्याकडच्या एका खेड्यातली. मी तिला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर चपला काढल्या, देवळात आल्यासारखा पदर सावरला आणि कमरेची पिशवी सोडून एक पुरचुंडी काउंटरवर ठेवली.

"ताई, हाई काय शे? तू वळखशी म्हनीसन एकजननी धाडी."

मी ओळखेन म्हणून कुणीतरी तिला माझ्याकडे धाडलं होतं; मी पुरचुंडी सोडली. आत अंगुस्तान! त्याला हळद-कुंकू लावलेलं, खालच्या कडेला बारीक लाल दोरा गुंडाळलेला.

"हे कुठं सापडलं तुम्हाला?"

"नवी रजई करी आनी ना. मन्हा पोऱ्याले रातभर काई तरी टोचे. सकायले बठ्ठी रजई उसवी पाही, तं कापूसमातून हाई निंघनं. सासू म्हने, देवना मुकुट शे, देव आपला घर चालीसन उना. देव्हाराम्हाना बालकृष्णना डोकावर ठेवा, तं बराबर बसना!"

मला हसू फुटलं, पण मी ते गिळलं. बाई एवढ्या श्रद्धेने आलेली. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझे कान टवकारले गेले होते, कारण अंगुस्तान माझ्याच डब्यातलं होतं. त्याच्या कडेची वेलबुट्टी मी ओळखत होते.

"रजई कुणाकडून करून घेतली?"

"आशी काय इचारस? जमीलाबी पिंजारीनकडथीन!"

मी तिला काय सांगणार? शिलाईची टोपी आहे म्हणाले असते तर बिचारी खट्टू झाली असती. "पितळेचं आहे," म्हटलं. "चांगलं आहे. देवाला चालेल. चिंचेने घासत जा." ती खूश होऊन गेली. तिच्या बालकृष्णाला अंगुस्तान नीट बसलं, आणि जिच्या बोटासाठी घेतलं होतं तिच्या बोटातून मात्र ते गळून रजईत गेलं. असं कसं? बोटातली टोपी निघून गेली आणि शिवणाऱ्या बाईला कळलंसुद्धा नाही? माझ्या बोटातून साधी अंगठी सैल झाली तरी मला करमत नाही.

दुपारी मी यांना दुकानात बसवलं. "कुठं?" म्हणाले. "तपासाला," म्हटलं आणि डबा पिशवीत टाकून निघाले.

चाचीचं घर साकिबच्या दुकानामागे. अंगणात कडुलिंब आणि त्याच्या सावलीत सतरंजीवर लालभडक साटीनची रजई पसरलेली. तिच्या कडेला चाची गुडघे मुडपून बसली होती. कापसाचा थर अंथरून झाला होता, तीन बाजू शिवलेल्या, चौथी उघडी. मला बघून म्हणाली, "काय गं, दुकान विकलं का?"

"तुमची शिलाई बघायला आले."

"बघ. पैसे नाही घेत बघायचे."

मी भिंतीला टेकून बसले. डाव्या बाजूला नाजमीन दारात उभी होती, चहा टाकते म्हणाली आणि आत गेली. चाचीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात माझ्याकडचं नवं अंगुस्तान होतं. डाव्या हातात बसलेलं, उजव्या हातात घातलेलं.

आता तिचं काम बघा. डावा हात रजईच्या खाली. उजव्या हाताने लांब सुई वरून आत जायची, खाली डाव्या तळव्याला सुईचं टोक लागलं की तो हात कापूस थोडा इकडे, थोडा तिकडे सारायचा आणि सुई वर ढकलायचा. डोळे तर माझ्याकडेच, गप्पा चाललेल्या. सगळं बघणं डाव्या हाताचं. उजवा नुसता ढकलायचा. न आखता रांगा अशा सरळ की मी मनातल्या मनात तिचं अस्तरासाठीचं भांडणसुद्धा माफ करून टाकलं.

मग कोपऱ्यात कापूस कमी वाटला म्हणून तिने उजवा हात रजईच्या उघड्या बाजूने आत घातला. कोपऱ्यापर्यंत कापूस ठासला आणि हात बाहेर काढला. बोट रिकामं होतं!

मी बघत राहिले. आता थांबेल, आता शोधेल. कसलं काय! तिने सुई उचलली आणि टाका घातला. सुईचं नेढं थेट उघड्या बोटात रुतलं. तिने जोर केला. पुन्हा टाका. पुन्हा जोर. बोटातून रक्ताचा थेंब आला, लाल साटीनवर पडला आणि लालात लाल मिसळून गेला. आणि चाची मला सांगत होती, पाचोऱ्याचे व्याही चहात वेलची फार टाकतात.

"चाची! रक्त!" मी एवढ्या जोराने ओरडले की झाडावरचे कावळे उडाले.

तिने बोटाकडे पाहिलं. शेजारणीच्या पोराला लागल्यावर बघावं तसं पाहिलं. मग घाईघाईने ओढणीत लपवलं.

"काही नाही गं. लागतं कधीकधी."

"लागतं तर 'आई गं' का नाही म्हणालात?"

तिने ओढणी बोटाभोवती आणखी घट्ट गुंडाळली.  मी तिच्याजवळ सरकले, उजवा हात ओढून मांडीवर घेतला. बोटाचं टोक उजेडाकडे वळवलं. जुन्या-नव्या भोकांची चाळण झालेली. एक जखम पिकत आलेली. मी त्या बोटाला नखाने टोचलं. मग जरा जोरात टोचलं.

"कळतंय?"

"नाही," ती म्हणाली. "मागच्या थंडीपासून नाही कळत. आधी मुंग्या यायच्या, मग झोपलं ते झोपलंच. साखर आहे ना मला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डावा हात, पिशवी, मेंदी, तेल. उजवं बोट अंगुस्तान घट्ट आहे की सैल, हे सांगूच शकत नव्हतं! म्हणून ती बोलणाऱ्या बोटाला विचारायची आणि मुक्या बोटात घालायची. आणि इतकी वर्षं दाबून दाबून ते मुकं बोट टोकाला असं झिजलेलं की डाव्यापेक्षा चांगलं बारीक. डाव्याला चपखल बसलेलं उजव्यातून गळणारच.

माझं डोकं फिरलं. "अहो, उद्या बोट सडलं म्हणजे? कापायची वेळ आली म्हणजे? साकिबभाईंना माहीत आहे का?"

"हळू बोल! त्याला सांगितलंस तर आयुष्यात तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही." तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र भांडणाचा. "तो सुई काढून घेईल माझ्याकडून. म्हणेल, अम्मी, मशीनवर चौकोनी शिलाई मारून देतो. माझी नाजमीन दोन महिन्यांनी जाणार. आमच्यात मुलीची रजई आई शिवते, दुसऱ्या कुणाचा एक टाका त्यात घालत नाहीत. माझ्या आईने माझी शिवली. ही नाजमीनची आहे, हेमा. एवढी एक होऊ दे. मग काय व्हायचं ते होवो बोटाचं."

आता बोला.  माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे सगळ्या बाजारपेठेला माहीत. तिलाही माहीत. तिने माझा हात घट्ट धरला होता, डाव्या हाताने.

तेवढ्यात नाजमीन चहा घेऊन आली. ट्रे खाली ठेवला आणि काही न बोलता रजईच्या उघड्या बाजूने हात आत घातला. कोपऱ्यापर्यंत गेला, बाहेर आला आणि चिमटीत अंगुस्तान. जणू रोजचंच काम. मग उठून घरात गेली आणि काजळाची एक मोठी डबी घेऊन आली. सतरंजीवर उपडी केली. माझ्या दुकानातली अंगुस्तानं खणखण करत बाहेर पडली.

चाची बघतच राहिली. "तुला..."

"पहिल्यापासून," नाजमीन म्हणाली. "रजई द्यायच्या आधी मी सगळी चाचपते, अम्मी. अंगुस्तान काढते. रक्ताचा डाग ओल्या फडक्याने पुसते. तू दुपारी झोपतेस तेव्हा."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू मला कुठं बोललीस?"

मी झुंबरबाईची हकीकत सांगितली. बालकृष्णाचा मुकुट ऐकून चाचीला रडता रडता हसू आलं, पण नाजमीन हसली नाही. "ती रजई गेली तेव्हा मी पाचोऱ्याला गेले होते," ती म्हणाली. "दोनच दिवस नव्हते मी. आणि आता कायमची चालले आहे. मग कोण चाचपणार?" ती चाचीकडे वळली. "अम्मी, मला तुझी रजई पाहिजे. पण तुझं रक्त त्यात नको. मी अंगावर कशी घेऊ ती?"

चाचीने मान खाली घातली. 

मग मीच पुढे झाले, कारण कुणीतरी व्हायलाच हवं होतं. "ठीक आहे. आज जखम धुवा, पट्टी बांधा. उद्या दवाखाना. साकिबभाईंना तुम्ही स्वतः सांगायचं, मी नाही. हे कबूल असेल तर तुमच्या बोटाचं अंगुस्तान मी शोधून देते. नाहीतर डबा घेऊन चालले."

"दम देतेस होय गं?"

"देते."

"तुझी आई बरी होती. तू कुणाच्या वळणावर गेलीस?" एवढं बोलून तिने उजवा हात पुढे केला. त्या बाईने उजवा हात माझ्यापुढे पहिल्यांदा केला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं जे आम्हाला कळून चुकलं होतं. गेलेली जाणीव बहुतेक परत यायची नाही, साखर ताब्यात ठेवा, बोट रोज डोळ्यांनी तपासा, जखम बरी होईपर्यंत सुई बंद. साकिबला चाचीने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो ओरडला नाही. मशीन बंद करून, अंगावरचा कापूसही न झटकता, आईच्या पायाशी बसून राहिला. मग म्हणाला, "ही एक शीव. पण पट्टी मी बांधणार रोज."

जखम भरल्यावर आम्ही तिघी पुन्हा अंगणात बसलो. आता खरा प्रश्न. जे बोट बोलत नाही, त्याच्या मापाचं अंगुस्तान निवडायचं कसं? आईने शिकवलेली रीत अर्धी तरी बोटालाच विचारायची होती. मला तर हे कोडं फार आवडलं, खोटं कशाला बोलू. चाचीलाही गंमत वाटायला लागली होती. मी शिंप्याचा निळा खडू कुटून नेला होता. एकेका अंगुस्तानाच्या आत खडूची भुकटी चोळायची, चाचीच्या बोटात घालायचं, काढायचं आणि बोट बघायचं. एकाच बाजूला निळं लागलं तर सैल. सगळीकडे गडद आणि टोकाला वळ उठला तर घट्ट. चहूबाजूंनी हलकी निळाई आली तरच बरोबर.

"हे काय, माझ्या बोटाची होळी चालवलीय!" चाची म्हणाली.

"गप्प बसा. नख दाखवा." घट्टपणा नखावरही कळतो. अंगुस्तान थोडा वेळ ठेवून काढलं आणि नख पांढरं राहिलं तर ते बाद.

शेवटचं ओढून बघायचं काम डाव्या हाताचं. डावी चिमूट अंगुस्तान ओढायची आणि सांगायची, किती हट्ट करतंय. डबा संपत आला. मोठी सगळी बाद, मधली बाद. तळाशी एक छोटं होतं, मी लहान मुलींच्या मापाचं समजून वेगळं ठेवलेलं. ते घातलं. निळाई चहूकडे. नख गुलाबी. हात उलटा झटकला, हललं नाही. मी म्हटलं, घाई नको, काम करून बघा, कामाने बोट फुगतं. चाचीने एक रांग शिवली, कोपऱ्यात हात घालून कापूस ठासला आणि बाहेर काढला. अंगुस्तान बोटातच. पुन्हा नख पाहिलं. गुलाबी.

चाचीने हात माझ्यापुढे धरला. "हेमा, सांग गं. दुखतंय का मला?"

आपलंच बोट आणि दुसऱ्याला विचारायचं!  "नाही चाची," मी म्हटलं. "नाही दुखत. छान बसलंय."

नंतरच्या दिवसांत ती दुकानात आली ती दोऱ्यालाच. दोरा कानाजवळ तोडायची, नावं ठेवायची आणि जायच्या आधी उजवा हात काउंटरवर ठेवायची. मी नख बघायची आणि "जा" म्हणायची. आमचे हे विचारायचे, ही बाई रोज तुला सलाम करते की काय?

निकाहच्या दिवशी मी गेले. पाचोऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, सामान भरणं चालू होतं. सगळ्यात शेवटी रजई. लाल साटीन, सरळ टाके, बाजूने हिरवी किनार. नाजमीन नटलेली, डोळे रडून सुजलेले. रजई गाडीत ठेवायच्या आधी तिने ती अंगणातल्या खाटेवर पसरली आणि सवयीने चाचपायला लागली. एक बाजू झाली. दुसरी झाली. पायथ्याच्या कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला. चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन त्या कोपऱ्याला हात लावला. कापसात काहीतरी कडक होतं.

"अम्मी..." नाजमीन म्हणाली.

चाची दारात उभी होती. तिने उजवा हात वर केला. अंगुस्तान बोटात होतं, चपखल बसलेलं.

"ते पडलेलं नाही," ती म्हणाली. "ते मी ठेवलंय. तुझ्या अब्बाचं आहे, धुळ्याचं. त्याला भोक आहे, शिवायच्या कामाचं नाही. राहू दे तिथंच."

नाजमीनने तो कोपरा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तशीच रजई छातीशी घेऊन गाडीत बसली. सामानात ठेवू दिली नाही.